वजा चिन्हाची चौकशी

आदरणीय भावोजी,

नमस्कार. नमस्कार वाकून करण्याची रीत मला माहीत आहे, पण गेले तीन आठवडे माझी कंबर वाकायला तयार नाही (वरिष्ठांपुढे वाकून वाकून ती कायमची धरली असावी, असं मुलीचं निदान आहे), तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा. तुमची तब्येत कशी आहे? ताईने फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी तुम्हाला जिना चढायला मनाई केली आहे आणि तुम्ही रोज चार वेळा गच्चीवर जाऊन, वर पोचल्यावर नाडी मोजून, तिचा आलेख काढता. आलेख चांगला येवो. ताईचे दात, तुमचा नवा चष्मा आणि बाल्कनीतल्या कुंड्या यांचंही कुशल कळवावं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. ही माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. मुलगी बोलते, पण समोरच्या पक्षाच्या वकिलासारखी.

तुमचं पत्र पोचलं. आमच्या कंपनीने चौकशीसाठी बाहेरचा तज्ज्ञ म्हणून तुम्हाला बोलावलं, तुम्ही लगेच 'त्यातला एक माणूस माझा मेहुणा आहे' असं प्रामाणिकपणे कळवलंत, आणि कंपनीने 'हरकत नाही, हा विषय शिकवलेला दुसरा कुणी यायला तयार नाही' असं त्याहून प्रामाणिकपणे उत्तर दिलं, हे वाचून करमणूक झाली. तुम्ही लिहिता की नातं बाजूला ठेव, काय काय घडलं ते सविस्तर लिहून पाठव, मी ते चौकशीच्या कागदांत लावीन. भावोजी, तेवीस वर्षांत या कंपनीत मला सविस्तर बोलायला सांगणारे तुम्ही पहिलेच. तेव्हा आता भोगा.

आमच्याकडे लोकरीचं कापड रंगवतात. चौकशीचा विषय झालेला दोन नंबरचा हौद निळ्या रंगाचा. माणसाच्या छातीइतका उंच, वर लोखंडी झाकण, तळाशी वाफेची नळी, नळीवर व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला हाताने फिरवायचं चाक. पाणी ऐंशी अंशांवर ठेवायचं, एवढंच काम. निवलं तर कापड रंग धरत नाही, फार तापलं तर त्यावर ढग उमटतात (आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर आम्ही ते डिझाइन आहे म्हणून सांगतो). गेली एकोणीस वर्षं हे पाणी एकच माणूस सांभाळत होता. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, आम्ही सगळे त्याला थर्मामीटर म्हणतो. तो तळहाताची मागची बाजू वाफेवर धरायचा, 'अठ्ठ्याहत्तर' म्हणायचा, चाक पाव फेरा उघडायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा. सुरुवातीला मी एकदा त्याला विचारलं होतं की नुसता उभा का राहतोस, अजून थोडं उघड की. तेव्हा त्याने सांगितलं, पाण्याला ऐकू कमी येतं साहेब, एकदा सांगायचं आणि थांबायचं, लागोपाठ दोनदा सांगितलं की ते चिडतं. हेच तुम्ही आम्हाला कॉलेजात दोन फळे भरून गणित करून शिकवलं होतंत आणि वर्गातल्या चाळीसपैकी एकतीस जण त्यात नापास झाले होते.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या विभागावर नवे मॅनेजर आले. ते आधी जाहिरात खात्यात होते. तिथे त्यांनी काय केलं ते माहीत नाही, पण त्यांना निरोप देताना तिथले लोक फार मनापासून हसत होते असं कळतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीने उभं करून सांगितलं की मला या विभागात फक्त पॉझिटिव्ह माणसं हवीत. तेव्हापासून त्यांचं नाव पॉझिटिव्ह साहेब. दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मामीटरला वाफेवर हात धरून उभा असलेला पाहिला आणि कपाळावर हात मारला. (त्याचा हात भाजेल म्हणून मारला असेल, असं मला त्या वेळी वाटलं होतं. पाहुण्यांनी पाहिलं तर काय म्हणतील म्हणून मारला होता.) दोन नंबरचा हौद ऑटोमॅटिक करायचा, असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? तेवीस वर्षं मी या कारखान्यात अडकलेले पंखे, मागे पडणारी घड्याळं आणि आस्थापना अधिकाऱ्यांच्या टेबलावरची शिपायाला बोलवायची घंटी दुरुस्त करत आलो होतो. तुमच्यापाशी शिकलेल्या विषयाला पहिल्यांदाच कुणीतरी हाक मारली होती.

व्हॉल्व्ह आपोआप उघडबंद करणारा कंट्रोलर बसवायचा तर आधी हौदाचा स्वभाव कळायला हवा. व्हॉल्व्ह इतका उघडला तर पाणी किती वेळाने आणि किती तापतं, याचं जे नातं तेच हौदाचं ट्रान्सफर फंक्शन. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण आस्थापना अधिकाऱ्यांना होती, आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली. मी रीतसर अर्ज केला की दोन नंबरच्या हौदाचं ट्रान्सफर फंक्शन काढायचं आहे, तरी मंगळवारी सकाळी तीन तास उत्पादन बंद ठेवण्यास परवानगी मिळावी. आस्थापना अधिकारी म्हणजे रजा, बदल्या आणि सत्कार यांपलीकडे जग नसलेला माणूस. त्यांना अर्जात ट्रान्सफर दिसली, फंक्शन दिसलं, आणि डोळ्यांपुढे बदलीचा निरोप समारंभ उभा राहिला. 'तीन तास जास्त होतात, भाषणे आटोपशीर ठेवावीत' असा शेरा मारून त्यांनी मंजुरी दिली. मंगळवारी मी स्टॉपवॉच आणि वही घेऊन हौदापाशी गेलो तर तिथे वीस खुर्च्या मांडलेल्या, एक टेबल, टेबलावर पांढरं कापड आणि चहाचा मोठा थर्मास. मागोमाग आस्थापना अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन आले आणि बदली नक्की कुणाची आहे असं हळू आवाजात विचारू लागले, कारण भाषणात नाव घ्यायचं होतं. मी म्हटलं, हौदाचं फंक्शन आहे. त्यांनी विचारलं, हौद कुठे हलवताय?

मी वहीत एक चौकट काढून त्यांना समजावलं. डावीकडून आत जाणारा बाण म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडला ते, उजवीकडून बाहेर येणारा बाण म्हणजे पाणी किती तापलं ते, आणि चौकटीच्या आत जे लिहायचं ते आज शोधायचं आहे. त्यांनी चौकट पाहिली, दोन्ही बाण पाहिले आणि मग हा पुष्पगुच्छ कुणाला द्यायचा ते सांगा, म्हणाले. शेवटी तो थर्मामीटरला दिला. एका हातात पुष्पगुच्छ धरून त्याने दुसऱ्या हाताने चाक अर्धा फेरा फिरवलं आणि मी स्टॉपवॉच दाबलं. पहिलं दीड मिनिट तापमानाच्या मीटरचा काटा हलला नाही. मग चढू लागला, आधी भराभर, मग रेंगाळत, आणि पंचवीस मिनिटांनी चार अंश वर जाऊन बसला. दर अर्ध्या मिनिटाला मी आकडा वाचायच्या आत थर्मामीटर तो सांगत होता. (एकदा त्याच्यात आणि मीटरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक पडला. नंतर तपासलं, मीटर चुकीचा होता.) मग आम्ही दोघं त्या रिकाम्या खुर्च्यांपैकी दोन ओढून त्यांवर बसलो. कामाच्या वेळात खुर्चीवर बसायची त्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे तो अगदी कडेला टेकला होता. मी गणित केलं. शेवटी एक अपूर्णांक आला, वर एक पद, खाली दोन. त्याने तो बराच वेळ पाहिला.

"एकोणीस वर्षांचं एवढंच झालं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो, एवढंच झालं. दुसरा कुणी असता तर काहीतरी बरं बोलला असता.

त्याच आठवड्यात मी पूर्ण ब्लॉक डायग्राम काढला. तुमच्या पद्धतीचा, फूटपट्टीने, बाणांची टोकं भरून. डावीकडे हवं ते तापमान, मग एक छोटा गोल, मग कंट्रोलरची चौकट, व्हॉल्व्हची चौकट, हौदाची चौकट, आणि हौदातून निघून खालून वळसा घेत पुन्हा त्या गोलात शिरणारी रेषा. गोलात ती रेषा जिथे शिरते तिथे वजा. हवं ते ऐंशी, आहे ते शहात्तर, वजा केलं की चारची उणीव, तेवढी वाफ सोड. त्या वजावर सगळी आकृती उभी असते. ते बदलून अधिक केलं तर पाणी जितकं तापेल तितका व्हॉल्व्ह उघडेल, आणि व्हॉल्व्ह जितका उघडेल तितकं पाणी तापेल. हे समजावताना तुम्ही माइक लाउडस्पीकरच्या तोंडाशी नेऊन जी शिट्टी काढली होतीत ती माझ्या कानात अजून आहे. थर्मामीटरला मी आकृती दाखवली तेव्हा त्याने सगळ्या चौकटींवरून बोट फिरवलं आणि यात मी कुठे, असं विचारलं. मी कंट्रोलरच्या चौकटीवर पेन्सिल ठेवली आणि म्हटलं, ही तुमची जागा, आता इथे यंत्र बसेल. मग मला आठवलं म्हणून सांगितलं की हाताचं चाक राहणारच आहे, काही बिनसलं तर ते बंद करायला तुम्हीच लागाल. आकृतीच्या खाली मी तसं लिहिलंही होतं: चाक आणि नव्वद अंशांना वाजणारी धोक्याची घंटा कोणत्याही कारणाने काढू अथवा झाकू नये. ते वाक्य तुम्हाला मूळ कागदावर सापडेल. मी दोनदा अधोरेखित केलं आहे.

आकृती मंजूर करायला बैठक झाली. अकरा माणसं, एक टेबल, बिस्किटं. पॉझिटिव्ह साहेबांनी कागद जवळ ओढला आणि खालून वळसा घेणाऱ्या रेषेखाली मी लिहिलेले शब्द मोठ्याने वाचले: निगेटिव्ह फीडबॅक. त्यांनी विचारलं, हा कुणी दिला? मी म्हटलं, हौद देतो. ते म्हणाले, कशाबद्दल? मी वीस मिनिटं समजावलं. माइक आणि लाउडस्पीकरचं सांगितलं, थंडीत आपण शेकोटीपासून कधी लांब सरकतो आणि कधी जवळ ते सांगितलं, पाण्याच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की ही आकृती मोठी करून भिंतीवर लागणार आहे, बडे साहेब स्वतः येणार आहेत, मोठी गिऱ्हाइकं येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर आपल्या विभागाला निगेटिव्ह फीडबॅक मिळतो असं लिहिलेलं चालणार नाही. पुढचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून, सावकाश उच्चारलं.

"तुमचा प्रॉब्लेम हाच आहे. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत वजाच दिसतं."

कुणीतरी हसलं. बिस्किटांच्या बाजूने आवाज आला, म्हणजे आस्थापना अधिकारी असावेत. पॉझिटिव्ह साहेबांनी लाल पेन काढलं, निगेटिव्ह खोडून पॉझिटिव्ह लिहिलं, आणि मग शेजारच्या वजावर एक उभी रेघ ओढली. वजाचं अधिक करायला एकच रेघ लागते, भावोजी. खाली 'मंजूर' लिहून सही केली आणि मला सांगितलं की तुम्ही दमलेले दिसता, पुढचं काम कंत्राटदार करतील.

कंत्राटदाराकडून आलेली इंजिनियर बारा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेली. नीटनेटकी बाई, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावणारी. मंजूर आकृतीच्या बाहेर एक तारसुद्धा जोडायची नाही, हे मीच तिला शिकवलेलं. तिला मंजूर आकृती मिळाली, आकृतीत अधिक होतं, तिने अधिक जोडलं. तिने चाचणीसाठी एक दिवस मागितला होता, तर आस्थापना अधिकाऱ्यांनी फंक्शन एकदाच होईल असं कळवलं. मग भिंतीवरची आकृती आली. आठ फूट बाय चार फूट, पिवळ्या रंगावर हिरव्या चौकटी, मधोमध ते अधिक, लाल, ताटलीएवढं. प्रकाश चांगला पडतो म्हणून ती भिंतीवर न लावता हौदाशेजारी लोखंडी पायांवर उभी केली, बरोबर हाताच्या चाकापुढे. थर्मामीटरने दोनदा सांगितलं की चाकापाशी जायला वाट राहिलेली नाही. त्याला सांगण्यात आलं की चाक आता लागणार नाही. घंटेची तारही भाषणात व्यत्यय नको म्हणून सकाळीच काढली होती, असं चौकशीत निघालं.

उद्घाटनाचा कार्यक्रम अकराला होता. पुन्हा खुर्च्या, पुन्हा पांढरं कापड. मी शेवटच्या रांगेच्या मागे, दाराशी उभा होतो. पॉझिटिव्ह साहेबांनी भाषणाच्या सुरुवातीलाच हिरवं बटण दाबलं, म्हणजे भाषण रंगात येईपर्यंत पाणी सत्तरावरून ऐंशीवर येईल आणि टाळ्या पडतील. तसंच झालं. भिंतीवर नव्याने लावलेल्या मीटरच्या लाल आकड्याने ऐंशी दाखवले आणि टाळ्या पडल्या. आकडा चौऱ्याऐंशी झाला तेव्हा ते म्हणाले की आपण टार्गेटच्या पुढे गेलो आहोत, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. नव्वदला बडे साहेबही टाळ्या वाजवत होते. चौऱ्याण्णवला झाकण वाजू लागलं. बड्या साहेबांनी शेजाऱ्याला विचारलं की हा आवाज कार्यक्रमात आहे का. सत्त्याण्णवला झाकण एका बाजूने उचललं गेलं आणि निळा फेस बाहेर आला. आधी अगदी सावकाश, उतू जाणाऱ्या दुधासारखा, आणि मग एकदम. पहिल्या रांगेचे बूट निळे झाले. पॉझिटिव्ह साहेब आकृतीला पाठ लावून उभे होते, ते गुडघ्यापर्यंत निळे झाले आणि तरीही माइकमधून कुणी घाबरू नये असं सांगत होते. सगळे दाराकडे धावले. उलट्या दिशेने एकच माणूस गेला. थर्मामीटर आकृतीच्या पायांमधून रांगत मागे शिरला, चाक धरलं आणि फिरवू लागला. सहा फेरे लागतात. चौथ्या फेऱ्याला फेस त्याच्या डाव्या बुटात शिरला. त्याने सहाही फेरे पूर्ण केले.

त्याच्या पायाची कातडी गेली. पाच आठवडे झाले, पाऊल अजून टेकत नाही. डॉक्टर म्हणतात टेकेल, पण दिवसभर उभं राहायचं काम विसरा.

पहिली चौकशी कंपनीने घरच्या घरी केली. अध्यक्ष पॉझिटिव्ह साहेब, सदस्य आस्थापना अधिकारी आणि जाहिरात खात्यातून आणलेले एक गृहस्थ. निष्कर्ष असा की कामगाराने चाक बंद करण्यास चार मिनिटे उशीर केला, सबब त्याला कामावरून का कमी करू नये. आकृतीत दोष आढळला नाही. (उलट एवढ्या उकळत्या पाण्यातही तिचा रंग गेला नाही, अशी नोंद आहे.) कंत्राटदाराची इंजिनियर 'मी मंजूर आकृतीप्रमाणे जोडलं' एवढं एकच वाक्य बोलली, त्याच्या पुढे एक शब्द नाही, आणि तिच्या कंपनीने तिला घरी बसवलं आहे. माझ्याबद्दल लिहिलं आहे की मूळ आकृती काढणाऱ्याची वृत्ती नकारात्मक असल्याने विभागातील वातावरणावर परिणाम झाला. माझी बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. त्या बदलीचं फंक्शन मात्र कुणी केलं नाही. खोलीत एक दिवा, सात लोखंडी मांडण्या आणि तीन पायांचं टेबल आहे. चौथ्या पायाच्या जागी मी तीस वर्षांपूर्वीच्या हजेरीच्या वह्या रचल्या आहेत. हे पत्र त्याच टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे.

कामगारांनी आवाज उठवला म्हणून ही दुसरी चौकशी, आणि म्हणून तुम्ही. ही आणि मुलगी थर्मामीटरला बघून आल्या. तो त्यांना म्हणाला की साहेबांनी आकृतीत वजाच काढलं होतं, सगळ्या कारखान्यात तेवढा एक माणूस बरोबर होता, आणि आपण साक्षीला उभं राहून तसं सांगणार. मी अजून त्याला बघायला गेलो नाही. हिला कंबरेचं कारण सांगितलं, तेव्हापासून ती बोलत नाही.

तर घडलं ते हे असं आहे. अडाणी माणसाच्या हातात लाल पेन दिलं की काय होतं, ते तुम्ही अहवालात तुमच्या भाषेत लिहालच. मूळ आकृतीची नक्कल सोबत जोडली आहे, वजावर बोट ठेवून पाहावं. ताईला सांगा, मी वेळेवर जेवतो. गच्चीवर जाणं थोडं कमी करा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी पुन्हा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला कंत्राटदाराच्या इंजिनियरचा मला फोन आला होता, एवढं लिहायचं राहिलं. ती म्हणाली, "सर, गोलात अधिक आहे. तुमच्या हातून असं होणार नाही. मी वजा करून टाकू का?" मी म्हटलं, "आकृती मंजूर आहे ना? मग आकृतीप्रमाणे कर." ती बरं म्हणाली.

दुसरा ता. क. हौदाचं फंक्शन माझ्याच वहीत होतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला तर सत्तरावरून नव्वदला यायला आठ मिनिटं लागतील, हे मी आदल्या दिवशीच, तो फोन ठेवल्यावर काढून पाहिलं होतं. नव्वदला घंटा वाजेल, पॉझिटिव्ह साहेबांचा चेहरा पडेल, बैठकीतली सगळीच्या सगळी माणसं मागे वळून मला शोधतील, आणि मग मी सावकाश चालत पुढे जाईन, असं ठरवून मी दाराशी उभा होतो. घंटेची तार काढली आहे हे मला माहीत नव्हतं. चाकापुढे आकृती उभी केली आहे हे माहीत होतं. आठ मिनिटं झाली, नव्वद झाले, टाळ्या वाजल्या, घंटा वाजली नाही, आणि मी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिलो. गणित दहा सेकंदांच्या फरकाने बरोबर आलं, तुम्ही पूर्ण गुण दिले असते. फेस आला तेव्हा सगळ्यांत आधी बाहेर पडलो तो मी. दाराशी उभा होतो ना.

तिसरा ता. क. हे सगळे ता. क. मी वेगळ्या कागदावर लिहिले आहेत. का, ते तुमच्या लक्षात येईल. पहिली पानं तेवढी चौकशीत लावली तर मी सुटतो, आणि वर कुणीतरी सत्कारही करेल. माझी विनंती एवढीच आहे की हा कागद त्या पानांना टाचून टाका. पत्र पोचल्यावर दोन दिवसांत मी फोन करून तो फाडून टाका म्हणून सांगेन. कंबरेचं सांगेन, मुलीचं सांगेन, ताईची शपथ घालेन. ऐकू नका.

शेवटचा ता. क. काल त्या इंजिनियरचा पुन्हा फोन आला होता. म्हणाली, सर, त्या संध्याकाळच्या बोलण्याचं मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी तिचे आभार मानले.